तिरप्या रेघांचा अर्थ : संगणकावरील नकाशात हॅच कसे भरावे



आपल्या संगणक कक्षात शिरले की डाव्या हाताची भिंत बाकीच्या तीन भिंतींपेक्षा जरा सरळ आणि गुळगुळीत दिसते. नववी-दहावीच्या मुलांनी मला दोन-तीनदा विचारले आहे, "मॅडम, ही एकच भिंत नवी का?" आज त्याचे उत्तर देते. उत्तर माझ्यासाठी थोडे लाजिरवाणे आहे, पण हा धडा त्यातूनच निघाला आहे.

२०१८ च्या उन्हाळी सुट्टीत दोन लहान वर्गखोल्या जोडून संगणक कक्ष करायचे ठरले. नकाशा बाहेरच्या एका ड्राफ्ट्समनकडून संगणकावर करून घेतला. भिंती तीन प्रकारच्या होत्या : राहणाऱ्या, पाडायच्या आणि नव्याने बांधायच्या. त्याच्या पडद्यावर मी स्वतः बघितले होते. नवी भिंत लाल रंगाने भरलेली, पाडायची पिवळ्या तिरप्या रेघांची, राहणारी निळ्या तिरप्या रेघांची. लहान मूलही ओळखेल इतके स्पष्ट. मग त्याने कागदावर छापून दिला तो काळ्या-पांढऱ्यात. मी सही केली, कार्यालयातून झेरॉक्स काढून विश्वस्तांना दिल्या आणि एक प्रत मिस्त्रींच्या हातात ठेवली.

काम सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मिस्त्री प्रत घेऊन माझ्याकडे आले. "मैडम, ये दोनों तिरछी लाइन वाली तोड़नी हैं ना?" मी कागद पाहिला. दोन्ही भिंतींवर तशाच काळ्या तिरप्या रेघा. बाजूच्या सूचीत लिहिले होते, 'पिवळ्या रेघा : पाडायचे काम'. मला वाटले, रेघा आहेत म्हणजे पाडायचेच. "हां" म्हणाले. संध्याकाळपर्यंत दोन्ही भिंती जमिनीवर होत्या. नशीब एवढेच की छताचा भार बीमवर होता, त्या भिंतीवर नव्हता.

ती भिंत पुन्हा बांधावी लागली. पैसे गेले ते गेलेच, पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कक्ष तयार नव्हता आणि त्या वर्षी मुलांचे संगणकाचे तास जुलै संपेपर्यंत व्हरांड्यात, फळ्यावर झाले. संगणक खोक्यांत आणि मुले फळ्यावर कीबोर्डचे चित्र काढताहेत, हे मी रोज खिडकीतून बघत होते.

ड्राफ्ट्समनवर बोट ठेवून मी मोकळी झाले असते. पण आपल्या विश्वस्तांपैकी एक काका निवृत्त ओव्हरसियर आहेत. त्यांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "त्याने रंग बरोबर दिले आहेत हो. पाडायचे काम पिवळ्या हॅचमध्ये आणि नवे काम लाल भरून दाखवायचे, असे राष्ट्रीय इमारत संहितेतच आहे. पण काळ्या शाईत पिवळा कसा वाचायचा?"

झाले होते ते असे. संगणकावर छापताना 'प्लॉट स्टाइल' म्हणून एक निवड असते. तीत 'मोनोक्रोम' निवडले की पडद्यावरचा प्रत्येक रंग कागदावर काळा होतो. पिवळ्या आणि निळ्या रेघांचा नमुना एकच होता, फरक फक्त रंगात होता. रंग गेला, फरकही गेला. आणि मी, जिने सही केली, तिला त्या रेघांचा अर्थ विचारायचे सुचले नाही.

त्यानंतर पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याकडून हॅच शिकले. तो तेव्हा पॉलिटेक्निकला होता. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे शब्दांची गडबड झाली तर मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे. कॉलेजात ज्याला आम्ही 'काट' म्हणत होतो, त्याला मराठीत 'छेद' म्हणतात, एवढे आता पक्के झाले आहे.

तर आधी छेद म्हणजे काय ते बघू. घरी एक पिकलेली पपई घ्या आणि मधोमध उभी कापा. सुरी जिथे गरातून गेली तो भाग ओला आणि ताजा कापलेला दिसतो. मधल्या पोकळीत सुरीने काहीच कापले नाही. आता कापलेल्या तोंडाचे चित्र काढा. गराच्या भागात तिरप्या बारीक रेघा मारा, पोकळी कोरी सोडा. झाले तुमचे पहिले हॅच. या रेघा म्हणजे सजावट नव्हे. त्या सांगतात, 'इथे वस्तू कापली गेली आहे, इथे भरीव द्रव्य आहे.' कोरी जागा सांगते, 'इथे पोकळी आहे, किंवा सुरी इथे पोचलीच नाही.' घराच्या नकाशाचेही असेच. जमिनीपासून साधारण कमरेच्या वर आडवी करवत फिरवून वरचा भाग उचलून ठेवला असे समजायचे. करवतीने कापल्या त्या भिंती, म्हणून हॅच भिंतींत.

भारतीय मानक ब्यूरोने शाळा-महाविद्यालयांसाठी अभियांत्रिकी आरेखनाची एक पुस्तिका काढली आहे, एसपी ४६, तिची सुधारित आवृत्ती २००३ ची. हॅचचे नियम तिथे सापडतात आणि ते थोडेच आहेत. रेघा बारीक असाव्यात, बाहेरच्या कडेपेक्षा हलक्या. त्या साधारणपणे ४५ अंशांत असाव्यात. दोन वेगळे भाग एकमेकांना चिकटून असतील तर एकाच्या रेघा उजवीकडे झुकतील, दुसऱ्याच्या डावीकडे. तिसरा भाग आला तर रेघांतले अंतर बदला. मात्र एकच भाग चित्रात चार ठिकाणी दिसला तर चारही ठिकाणी त्याच्या रेघा सारख्या हव्यात. पत्र्यासारख्या अगदी पातळ वस्तूत रेघा मावत नाहीत, ती सरळ काळी भरतात. मोजमापाचा आकडा रेघांवर पडत असेल तर रेघा तिथे तोडतात, आकडा नव्हे.

एक अपवाद मुलांना नेहमी चकवतो. सायकलच्या चाकाचा हब आसाच्या लांबीच्या दिशेने कापून दाखवला, तरी मधल्या आसात रेघा मारत नाहीत. नट, बोल्ट, रिव्हेट यांचेही तसेच. ते आतून भरीवच असतात, लांबीत कापून काही नवे कळत नाही. उलट रेघा मारल्या तर बघणारा गोंधळतो.

आता संगणकाकडे वळू. आपल्या कक्षात लिब्रेकॅड आहे, ते मोफत मिळते. पुढे जाऊन पॉलिटेक्निकमध्ये किंवा नोकरीत बहुधा ऑटोकॅड भेटेल, म्हणून नावे त्यातली देते. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. फरक एवढाच की ऑटोकॅडमध्ये बंद जागेच्या आत टिचकी मारली की चालते, लिब्रेकॅडमध्ये हद्दीच्या रेघा निवडाव्या लागतात.

'बंद जागा' हे शब्द लक्षात ठेवा. पेंटमध्ये रंगाची बादली ओतताना चित्रात बारीकशी फट राहिली की सगळा कागद रंगून जातो, हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवले आहे. ऑटोकॅड तसे करत नाही. कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना भिडल्या नसतील तर ते हद्द बंद नाही असे सांगते, आणि अलीकडच्या आवृत्त्या फटीच्या टोकांपाशी लाल वर्तुळे दाखवतात. पडद्यावर कोपरा जुळल्यासारखा दिसतो, मोठा करून पाहिले की फट दिसते. फट 'चालवून घेण्याची' सोयही आहे, तिला गॅप टॉलरन्स म्हणतात. मी मुलांना ती वापरू देत नाही. कोपरा नीट जुळवायला शिकले पाहिजे. घाईतल्या ड्राफ्ट्समनची सोय शाळेत नको.

बंद जागेच्या आत आणखी बंद जागा असली, तर तिला बेट म्हणतात. पाइपच्या छेदात बाहेरचे वर्तुळ आणि आतले वर्तुळ असते. दोहोंच्या मध्ये टिचकी मारली तर फक्त कडे भरते, आतली पोकळी कोरी राहते. बेटांकडे दुर्लक्ष करण्याचा पर्यायही आहे. तो चुकून निवडला गेला तर तुमचा पाइप भरीव सळई होऊन बसतो, आणि संगणक काही तक्रार करत नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या प्रमाणात. इथे वही-पेन्सिल घ्या.

ऑटोकॅडमधला सर्वात जास्त वापरला जाणारा नमुना म्हणजे 'एएनएसआय ३१', साध्या तिरप्या रेघा. त्याची व्याख्या एका साध्या फाइलीत एका ओळीत लिहिलेली असते. मिलिमीटरच्या फाइलीत ती ओळ अशी आहे : ४५, ०, ०, ०, ३.१७५. पहिला आकडा रेघेचा कोन. पुढचे दोन म्हणजे पहिली रेघ ज्या बिंदूतून जाते त्याचे निर्देशक. चौथा आकडा म्हणजे पुढची रेघ स्वतःच्या दिशेने किती सरकवायची, आणि पाचवा म्हणजे दोन रेघांतले लंब अंतर. ३.१७५ हा विचित्र आकडा कुठून आला? एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याचा आठवा भाग. मूळ नमुना अमेरिकेतला, इंचांतला, म्हणून.

आता आपली खोली आपण खऱ्या मापात, मिलिमीटरमध्ये काढतो आणि १:५० प्रमाणात छापतो. हॅचचे प्रमाण १ ठेवले तर कागदावर दोन रेघांत ३.१७५ भागिले ५०, म्हणजे सुमारे ०.०६ मिमी अंतर उरेल. भिंत काळीकुट्ट दिसेल. समांतर रेघांत निदान ०.७ मिमी अंतर असावे असा संकेत आहे, नाहीतर झेरॉक्समध्ये त्या एकमेकींत मिसळतात. म्हणून १:५० साठी हॅचचे प्रमाण ५० द्या, म्हणजे कागदावर पुन्हा ३.१७५ मिमी मिळेल. १:१०० साठी १००. आणि चुकून इंचांची फाइल उघडली गेली असेल, जिथे तोच आकडा ०.१२५ आहे, तर ५० देऊनही भिंत काळीच राहील. मुले मग प्रिंटरची शाई तपासत बसतात!

दुसरा सापळा कोनाचा. पुस्तकात ४५ अंश लिहिले आहे म्हणून मुले कोनाच्या चौकटीत ४५ टाकतात. पण नमुना मुळातच ४५ अंशांत आहे, त्यात आणखी ४५ मिळवले की रेघा ९० अंशांत उभ्या राहतात. चौकटीत शून्यच ठेवायचे. रेघा उलट्या दिशेने झुकवायच्या असतील तर ९०.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फाइलीत 'एएनएसआय ३१' च्या नावापुढे लिहिले आहे : लोखंड, वीट, दगडी बांधकाम. एकच नमुना, तीन द्रव्ये! म्हणजे नुसता नमुना पाहून कोणीही द्रव्य ओळखू शकत नाही. कागदाच्या कोपऱ्यात सूची हवीच, आणि सूचीत नमुन्याचा लहान चौकोन काढलेला हवा. रंगाचे नुसते नाव लिहून भागत नाही, हे आता आपल्या शाळेपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार.

विटांचा नमुना मला फार आवडतो, म्हणून थोडी रेंगाळते. ऑटोकॅडमध्ये 'एआर-बीआरएसटीडी' नावाचा विटांच्या भिंतीचा तयार नमुना आहे. त्यात विटेचा एक थर २.६६७ इंच, म्हणजे सुमारे ६७.७ मिमी उंचीचा आहे. आपली मानक मॉड्यूलर वीट १९० × ९० × ९० मिमी, मसाल्यासह २०० × १०० × १००. तीन मीटर उंच भिंतीत आपले ३० थर बसतात. तयार नमुना टाकला तर चित्रात ४४ थर दिसतात. भिंत सुंदर दिसते, पण ती इथली नसते. थर मोजून खिडकीची उंची ठरवणारा मिस्त्री फसणार.

उपाय सोपा आहे. आपल्या विटेचा नमुना आपणच लिहायचा. दोन ओळी पुरतात :

०, ०, ०, ०, १००
९०, ०, ०, १००, १००, १००, -१००

पहिली ओळ आडव्या रेघांची, दर १०० मिमीवर एक. दुसरी उभ्या सांध्यांची. कोन ९०, सुरुवात शून्यातून, पुढची उभी रेघ १०० ने वर सरकवा आणि १०० दूर न्या. शेवटचे दोन आकडे म्हणजे १०० मिमी रेघ ओढा, १०० मिमी पेन उचला. उणे चिन्ह म्हणजे उचललेले पेन. आलेख कागदावर करून पाहा. पहिल्या थरात सांधे ०, २००, ४०० वर येतात, दुसऱ्या थरात १००, ३००, ५०० वर. सांध्यावर सांधा येत नाही, जसा कोणताही चांगला गवंडी येऊ देत नाही. दहावीतली निर्देशक भूमिती कशासाठी शिकायची असे जे विचारतात, त्यांच्यासाठी ह्या दोन ओळी. (वर एका ओळीत तारांकित नाव द्यावे लागते, फाइलीचे नावही तेच ठेवावे लागते आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबायला विसरू नये. माझी पहिली फाइल ह्या एंटरपायीच चालली नव्हती.)

पालकांच्या कामाची एक गोष्ट. हॅच निवडले की गुणधर्मांच्या यादीत त्याचे क्षेत्रफळ दिसते. फरशी घेताना उपयोगी पडते. समजा खोली ६ मीटर × ७.५ मीटर आहे, क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर. फरशी ६०० मिमीची, म्हणजे ०.३६ चौरस मीटरची. भागाकार १२५. पण नुसत्या भागाकाराने भागत नाही. स्वतःचा नमुना निवडा, अंतर ६००, दुहेरी रेघा, आणि आरंभबिंदू दाराच्या कोपऱ्यात ठेवा. एका बाजूने बरोबर १० फरश्या येतात, दुसऱ्या बाजूने साडेबारा. अर्ध्या फरश्यांची रांग मागच्या भिंतीशी, कपाटाखाली जाते. आरंभबिंदू बदलला नाही तर ती कुठेही येऊ शकते, अगदी उंबऱ्यावरही. फुटतुटीसाठी काही फरश्या जास्त घ्याव्या लागतात, ते संगणक सांगत नाही, दुकानदार सांगतो.

आपल्या इंदूरचा राजवाडा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. सात मजली दर्शनी भाग, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. त्याचा छेद काढायचा तर खाली दगडाचा नमुना आणि वर लाकडाचा, मध्ये एक स्पष्ट सीमा. राजवाड्याला आगी लागल्या आहेत, १९८४ ची तर पालकांपैकी अनेकांना आठवत असेल. जुन्या वाड्यात लाकूड कुठून कुठपर्यंत आहे हे नकाशावर एका नजरेत कळणे हे तिथे डागडुजी करणाऱ्याच्या, आणि आग विझवणाऱ्याच्याही कामाचे असते.

संगणक कक्षाच्या प्रकरणानंतर आपल्या कार्यालयात एक पद्धत पडली आहे. कोणताही नकाशा सहीला आला की आधी त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढतात. ती प्रत, ज्याने नकाशा बघितलेला नाही अशा कोणाही एकाला दाखवतात, बहुधा शिपाईदादांना, आणि विचारतात : यात किती प्रकारच्या भिंती आहेत? त्यांचे उत्तर सूचीशी जुळले तरच कागद माझ्या टेबलावर येतो. गेल्या वेळी स्वच्छतागृहाचा नकाशा दोनदा परत गेला. ड्राफ्ट्समन जरा वैतागला, मग त्याने पाडायच्या भिंतीला तुटक रेघांची कड आणि उलट्या झुकावाचे हॅच दिले, राहणाऱ्या भिंतीला साध्या रेघा आणि नव्या भिंतीला भरीव काळा. तिसऱ्यांदा शिपाईदादांनी बोट ठेवून तिन्ही प्रकार ओळखले.

सरावासाठी (आठवी ते दहावी, आलेख कागदावर) :

१. स्टीलचा पेला झाकणासह मधोमध उभा कापल्याचे चित्र काढा. पेला आणि झाकण हे दोन वेगळे भाग आहेत, पण दोन्हींचा पत्रा पातळ आहे. रेघा माराल की काळे भराल, आणि दोन भाग वेगळे कसे दाखवाल?

२. जुनी नऊ इंची वीट मसाल्यासह २४० मिमी लांब आणि ८० मिमी उंच धरा. वर दिलेल्या दोन ओळी तिच्यासाठी पुन्हा लिहा. (उभ्या रेघांतले अंतर २४० नाही!)

३. नकाशा १:२० प्रमाणात छापायचा आहे आणि कागदावर रेघांतले अंतर सुमारे १.६ मिमी हवे आहे. 'एएनएसआय ३१' ला मिलिमीटरच्या फाइलीत कोणते प्रमाण द्याल?

४. आपल्या वर्गाचा नकाशा काढा. फळ्यामागची भिंत पाडायची आणि खिडकीशेजारची राहू द्यायची आहे असे समजा. फक्त पेन्सिल वापरायची, रंग नाही. नंतर तो आजी-आजोबांना दाखवा आणि कोणती भिंत पाडायची ते त्यांना विचारा. त्यांचे उत्तर नकाशाखाली जसेच्या तसे लिहून आणा.

उत्तरे पुढच्या अंकात. चौथ्या प्रश्नाची पाने माझ्याकडे थेट आणून द्यावीत, मला ती वाचायची आहेत.

— मुख्याध्यापिका